पायथ्याची तसबीर

१

आईला भरवायचं म्हणजे आधी फुंकर आली. चमचाभर सूप वर उचलायचं, दोनदा फुंकायचं, आपल्या ओठाला टेकवून बघायचं आणि मग आईच्या तोंडात. फुंकलं नाही तर आई ओरडणार, "जाळतेस का मला?" जास्त फुंकलं तर, "हे काय, कालचं पाणी आहे का?" वेनेराला याची इतकी सवय झाली होती, की आपली गार झालेली कॉफीसुद्धा ती उगाच फुंकून प्यायची.

आईचं नाव इन्यात्सिया. चर्चच्या पायऱ्यांवर पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला आता दोन हिवाळे झाले. हाड केव्हाच जुळलं होतं. डॉक्टर स्कालिया दर वेळी सांगायचे, "उठून बसायला काहीच हरकत नाही." आई म्हणायची, "हरकत मला आहे." आणि ती उठली नाही. तिचा पलंग आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत एका बाजूला वेनेराची अरुंद खाट, खाटेशेजारी एक खुर्ची, समोरच्या भिंतीला शिवणाचं मशीन. पूर्वी वेनेरा गावातल्या नवऱ्या मुलींचे पोशाख शिवायची. आता मशीनवर चादर टाकलेली होती आणि खुर्चीवर अर्धवट कपड्यांचा ढीग.

सकाळी उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, चादर काढायची, घालायची, भरवायचं, हनुवटी पुसायची, उशी उलटी करून गार बाजू वर आणायची. मग पुन्हा कूस. रात्री तीन-चारदा हाक यायचीच, आणि तीही कशासाठी, तर "जागी आहेस का?" हे विचारायला. वेनेरा पन्नाशी कधी ओलांडून गेली ते तिलाही आठवत नव्हतं. भाऊ ओरात्सियो तिकडे वर उत्तरेला, तोरिनोला नोकरीत. तो रविवारी फोन करायचा आणि आईला फळं द्यायला सांगायचा.

आई मरावी असं वेनेराला वाटत नव्हतं. हे सगळं संपावं असं वाटत होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत अशी ती स्वतःची समजूत घालायची, आणि एखाद्या सकाळी ओली चादर ओढून काढताना त्या दोन्ही एकच व्हायच्या.

अशाच एका सकाळी ती कोंबडी आणायला बाहेर पडली आणि खाटकाकडे न जाता चर्चच्या बाजूच्या दारापाशी गेली. तिथं उन्हाला लिबोरियोकाका बसलेले असत. पूर्वी ते न्हावी होते, आता सुखमरणाच्या मंडळाचे म्होरके. त्या गावात अजून ते मंडळ आहे. डॉक्टरांनी हात टेकले की घरचं कुणीतरी मंडळाकडे जातं आणि तसबीर मागतं. ती आजाऱ्याच्या पायथ्याशी, नजरेसमोर टांगतात. एक-दोन दिवसांत त्या जिवाची सुटका होते, आणि तसबीर शवपेटीच्या मागोमाग चर्चमध्ये परत येते. कुणी लवकर मागत नाही. मागायला जायचे पाय त्याआधी उचलतच नाहीत.

"काका, तसबीर पाठवा आमच्याकडे," वेनेरा म्हणाली.

लिबोरियोकाकांनी टोपी काढली. "अरेरे. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता काही खरं नाही."

डॉक्टर महिनाभरात घरी आलेले नव्हते. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे इतके लाल होते की त्यांना दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

२

तसबीर संध्याकाळी आली. काका आणि मंडळातले आणखी एक जण ती काळ्या कापडात गुंडाळून, जिना चढून धापा टाकत घेऊन आले. फार मोठी नव्हती. खिडकीच्या एका झडपेएवढी असेल, पण चौकट जुनी आणि दगडासारखी जड. काकांनी कापड काढलं.

वेनेरानं ती लहानपणी, आजोबा गेले तेव्हा पाहिली होती. तेव्हा फक्त काळोख लक्षात राहिला होता. आता तिनं नीट पाहिलं. सगळीकडे गडद तपकिरी अंधार, आणि एका बाजूनं येणारा उजेड थेट पलंगावर. पलंगावर म्हातारा योसेफ, येशूचा बाप, मरणाला टेकलेला. चादरीबाहेर आलेले पाय, टाचा भेगाळलेल्या, सुतारकाम केलेल्या माणसाचे असतात तसे. एका बाजूला येशू, बापाच्या हातावर हात ठेवून. दुसऱ्या बाजूला मारिया, येशूची आई, निळ्या कपड्यांत, मांडीवर वाडगा आणि वाडग्यात चमचा. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारानं मारियाला सुंदर वगैरे केलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं, ओठ कोरडे, खांदे गळलेले. कितीतरी रात्री जागलेली बाई होती ती. वेनेराला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"कुठं खिळा मारू?" दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोण आहे? लिबोरियो का? जिन्यावर एवढा फुसफुसतोस, पहिला तूच जाशील."

काका आत गेले. हातात तसबीर होती. आईनं ती पाहिली आणि कोपरावर जोर देऊन अर्धवट उठली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"हे कुणासाठी?"

काकांनी तसबीर छातीशी ओढली.

"मी विचारतेय, कुणाच्या मरणाला आलात? माझ्या? मला कोण मारतंय? वेनेरा, ती माझ्या डोळ्यांसमोरून हलव. हलव म्हणते ना! मला भूक लागलीय."

काका बाहेर आले ते कपाळाचा घाम पुसतच. "ही बाई मरणारी आहे?"

वेनेरानं मान खाली घातली. "परत न्या मग, काका. चुकलं माझं."

"परत?" काका दुसऱ्या गृहस्थांकडे बघायला लागले. "परत कशी नेणार? उंबरा ओलांडून आत आली. ती अशी रिकामी परत जात नाही, वेनेरा. असं कधी कुणी केलेलं नाही." त्यांनी तसबीर भिंतीला टेकवली आणि तोंड भिंतीकडे केलं. कापड घड्या घालून वर ठेवलं. "अशीच राहू दे. बघू. योसेफाच्या सणाच्या आधी फादरांना विचारतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं पाण्याचं भांडं लाथेनं उडवलं. पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं. फरशीवरून ओघळ तसबिरीच्या चौकटीकडे निघालेला बघून वेनेरा धावली. एवढी जुनी वस्तू, भिजली तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मशीनच्या वर भिंतीत कॅलेंडरचा जाड खिळा होता. तिनं कॅलेंडर काढलं आणि तसबीर त्यावर अडकवली. फरशी पुसली. मग खाटेवर बसली, तेव्हा कळलं की ती तसबीर बरोबर तिच्या पायथ्याशी आलीय.

फरशी सुकेपर्यंत राहू दे, असं तिनं ठरवलं. मग आईनं हाक मारली आणि ते राहून गेलं.

३

त्या गावात दुपारी दोनला झडपा लागतात आणि चारपर्यंत रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. आई तेव्हा घोरते. वेनेरा मात्र पडून राहायची नुसती, कान आत लावून.

त्या दुपारी ती झोपली. किती दिवसांनी अशी झोपली असेल कोण जाणे. झोपेतच तिला चमच्याचा आवाज आला. वाडग्याच्या कडेला चमचा निथळवतात तो. बारीक, सावकाश. तिला वाटलं, आपणच आईला भरवतोय. बरं वाटलं तिला, की हात काम करतायत आणि आपल्याला उठावं लागत नाही.

जाग आली ती आईच्या हाकांनी. "अगं ए! उपाशी मारणार आहेस का?"

ती धडपडत स्वयंपाकघरात गेली. सकाळी केलेलं सूप पातेल्यात अर्ध्यावर आलेलं होतं. आईचा पांढरा वाडगा ओट्यावर, रिकामा, आत सुपातल्या पास्त्याच्या दोन-तीन बारीक चांदण्या चिकटलेल्या.

"आई, तू जेवलीस की. वाडगा रिकामा आहे."

"मी जेवले तर मला कळणार नाही?"

"डॉक्टर म्हणाले होते, विसरायला होईल म्हणून."

"डॉक्टर म्हणतो उठून नाच, तेही करू का?" आईचा आवाज चढला. "तूच गिळलंस. इथं पडल्या पडल्या ऐकत होते मी. बाहेर चमचा वाजत होता. आपण बसून खायचं आणि म्हातारीला सांगायचं तू जेवलीस. पोटची पोर ना तू!"

वेनेराला रडू यायचं ते आलं नाही, तेवढंही त्राण नव्हतं. तिनं निमूट उरलेलं सूप गरम केलं आणि आईला भरवलं. आई अधाशासारखी जेवली. उपाशी माणूस जेवतं तशी.

भांडी घासताना वेनेराच्या जिभेला दाताच्या फटीत काहीतरी लागलं. तिनं नखानं काढलं. सुपातल्या अजमोद्याच्या पानाचा हिरवा तुकडा होता. सकाळपासून तिनं कॉफीशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं, याची तिला खात्री होती.

नाही, खात्री कसली? झोपेत माणसं चालतात, जिने उतरतात. आपण झोपेत उठलो, वाढून घेतलं, जेवलो, परत येऊन पडलो. भूक लागली असेल. शरीर आपलं आपण बघून घेतं. तिनं हे सगळं नीट जुळवलं आणि नळ बंद केला. पोट भरलेलं होतं. पुष्कळ दिवसांनी ते छान, ऊबदार भरलेलं होतं.

४

रविवारी ओरात्सियोचा फोन आला.

"काय म्हणतेय आई?"

"भांडतेय."

"म्हणजे बरी आहे. तुझाही आवाज बरा वाटतोय गं. झोप-बीप मिळतेय वाटतं."

मिळत होती खरी. दुपारी दोनचे ठोके पडले की वेनेराचे डोळे आपोआप मिटायला लागायचे. आधी चारला उठायची, मग पाचला, मग दिवे लागल्यावर. आई हाका मारून मारून थकायची. एक दिवस वेनेरा उठून आत गेली तर आई पलंगावर बसलेली, पाय खाली सोडून, हातात कपाटावरचा पाव. तिथपर्यंत ती खुर्ची ढकलत गेली होती.

"बघतेस काय?" आई तोंडात घास घेऊनच म्हणाली. "तू मेल्यासारखी पडतेस, मग मला उठावंच लागणार. तुझी खोड मोडायची म्हणून उठले, बरी झाले म्हणून नाही."

वेनेराला हसू आलं. असं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. पण तिला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या होत्या, आणि त्या ती कुणाला सांगत नव्हती.

तिच्या अंगावरची चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेली असायची, घट्ट, आजाऱ्याची खोचतात तशी. ती स्वतःसाठी कधी चादर खोचत नसे. उशीची गार बाजू वर असायची. मानेखाली घाम आलाय असं झोपेत वाटायचं आणि लगेच गार लागायचं. एक दिवस खुर्चीवरचे कपडे मशीनवर नीट घडी करून ठेवलेले दिसले. खुर्ची खाटेला लागून, तिच्या उजव्या हाताशी ओढलेली. वेनेरानं बैठकीवर तळवा ठेवला. बैठक ऊबदार होती. तिनं तळवा पटकन उचलला आणि एप्रनला पुसला.

खालच्या मजल्यावरच्या मिमाकडे घराची किल्ली असते. वेनेरा तिला गाठून म्हणाली, "दुपारी येऊन जातेस का गं तू वर?"

"दुपारी? मी?" मिमा हसली. "बाई, दुपारी घराला आग लागली तरी मी चारनंतर बघेन. का गं? काही गेलं का?"

"गेलं नाही काही."

"मग झालं. आणि काय गं, केस छान घालतेस हल्ली."

वेनेरानं घरी येऊन आरशात पाहिलं. ती केसांचा कसाबसा अंबाडा वळून पिना खुपसते, शाळेत होती तेव्हापासून. आता मधोमध भांग होता, रेघ मारल्यासारखा. दोन्हीकडचे केस पाणी लावून चापून बसवलेले, मागे वेणी, वेणी पुढे छातीवर आणलेली आणि टोकाला पांढरा दोरा. तिच्याच मशीनवरचा. तिला ही ठेवण कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली. तिनं वेणी सोडली. आईसमोर तशी जायला तिला का कोण जाणे लाज वाटली.

मग ती खाटेवर बसून तसबिरीकडे बघत राहिली. मारियाच्या वाडग्यात सूप होतं का? पहिल्या दिवशी होतं? आता वाडग्यात नुसता अंधार दिसत होता. योसेफाचं तोंड पहिल्या दिवशी खोलीकडे होतं की भिंतीकडे? आठवेना. आपण तेव्हा बाईकडे बघत होतो, म्हाताऱ्याकडे नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. रंग जुना, झडप लावलेली, डोळे थकलेले. एवढं मात्र नक्की, की मारिया आता तितकी थकलेली दिसत नव्हती. जिला करण्यासारखं काम मिळालंय अशा बाईसारखी ती जरा पुढं वाकून बसली होती.

तसबीर उतरवावी असं वेनेराच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. आणि त्याच्यामागोमाग दुसरं आलं, की उद्या दुपारी मग उशी कोण उलटी करणार.

५

लिबोरियोकाका सणाच्या तोंडावर आले. योसेफाचा सण चार दिवसांवर होता. गावभर पावांची कणीक मळली जात होती, जिन्यात तिळाचा वास होता. दुपारचे दोन अजून वाजायचे होते, पण हल्ली वेनेरा सकाळीही झोपायची. ती नुकतीच झोपेतून उठून दार उघडायला गेली होती.

"कशी आहे आई?" काकांनी विचारलं.

"चालते आता. खुर्ची धरून."

"हो?" काका घुटमळले. "मग अवघडच झालं. वरच्या आळीत लोहाराचा म्हातारा अडकलाय. ना इकडे ना तिकडे. त्याची पोरं रोज माझ्याकडे येतात. आणि सणाला तसबीर जागेवर नसली तर फादर..." ते बोलता बोलता आत आले आणि थांबले.

भिंतीकडे त्यांनी पाहिलं. मग त्या भिंतीसमोरच्या खाटेकडे. खोचलेल्या चादरीकडे, ओढून घेतलेल्या खुर्चीकडे. मग वेनेराकडे.

"इथं कोण झोपतं?"

"मीच."

"कधीपासून आहे ही इथं?"

"आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. फरशी ओली होती, काका."

काका टोपी घालायला गेले आणि तसेच थांबले. "केस कुणी घातले तुझे?"

वेनेराचा हात छातीवर गेला. वेणी होती. दोरा होता. "मीच," ती म्हणाली.

"माझी बायको गावातल्या गेलेल्या बायकांचं शेवटचं आवरायची, केस घालायची. आठवतं ना तुला? तुझ्या आजीचंही तिनंच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "उतरव ती. आत्ताच्या आत्ता. आत आईसमोर लाव, नाहीतर फिरवून ठेव. माझ्यादेखत उतरव."

"तुम्हीच घेऊन जा ना, काका."

"मी हात लावणार नाही. जिनं बोलावली तिनं उतरवायची." ते दाराकडे सरकले होते. "सही-शिक्का नाही कशावर, पण नियमच आहे तो. पोरी, ऐक माझं. तू खोटं बोललीस तेव्हाच मला कळलं होतं. तुझी दया आली म्हणून मी गप्प बसलो. आता मला दोष लावू नकोस."

"उतरवते," वेनेरा म्हणाली.

काका जिना उतरले ते कठडा धरून, मागे न बघता. ती मशीनजवळ गेली. दोन्ही हात वर करून चौकट धरली. चौकट जड होती. हात वर केल्यानंच तिला चक्कर आल्यासारखं झालं. इतकी ती कशी थकली होती? झोपत तर होती दिवसदिवसभर.

"वेनेरा," आतून आई म्हणाली. ओरडली नाही. "इकडे ये."

६

आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं लेकीच्या वेणीकडे पाहिलं आणि हात पुढं केला. वेणीचं टोक चिमटीत धरून दोरा तोडला.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "भिंती पातळ आहेत. कान अजून माझे आहेत."

"आई, काका म्हातारे झालेत. काहीतरीच..."

"गप. रोज दुपारी बाहेर चमचा वाजतो. मला वाटायचं तू खातेस. काल मी खुर्ची ढकलत दारापर्यंत आले. तू झोपली होतीस. तोंड हलत होतं तुझं." आईनं तोडलेला दोरा चादरीवर टाकला. "पुढं मला बघवलं नाही. मी परत फिरले. या जन्मात मी कशाला घाबरले नव्हते."

वेनेरानं तो दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

"ती इथं आण," आई म्हणाली. "खिळा मार आणि लाव माझ्यासमोर. माझ्यासाठी आली ना? मग माझी आहे ती."

"नाही."

"मला काय कळत नव्हतं तू का आणलीस? अगं, तुझ्या जागी मी असते तर मागच्या हिवाळ्यातच आणली असती. माझ्या सासूच्या वेळी रोज मनात म्हणायचे, जा आता, जा एकदाची." आईनं तिचा हात धरला. तिची पकड अजून चांगलीच घट्ट होती. "मी तुला छळलं, वेनेरा. मला उठता येत होतं. पहिल्या वर्षीच येत होतं. पण उठले असते तर तू पोशाख शिवायला गेली असतीस, आणि मी इथं एकटी भिंती बघत बसले असते. ती आण इकडे."

वेनेरा आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. तिला आईचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी ती आपल्याला हवी आहे हेही कळलं. आई चालते, आई शिव्या देते, आई आपली वेणी सोडवते. ती तसबीर या खोलीत लावायची म्हणजे काय, हे आता दोघींनाही ठाऊक होतं. एका सकाळी तिनं हेच मागितलं होतं.

"तुझ्यासमोर नाही लावणार," ती डोळे पुसत म्हणाली. "फिरवून ठेवते. भिंतीकडे तोंड करून. मग फादर काय करायचं ते करतील."

"आत्ता?"

"आत्ता."

ती बाहेर आली. दोनचे ठोके पडायला लागले. खाली कुणीतरी झडप ओढून घेतली, मग समोरच्या घराची, मग सगळ्या गल्लीची. वेनेरानंही सवयीनं आपली ओढली. खोलीत तपकिरी अंधार झाला आणि झडपेच्या फटीतून एकच तिरीप आली, ती सरळ खाटेवर. चादर सारखी केलेली होती. एक कोपरा उलटून ठेवला होता, आत शिरायला सोपं जावं म्हणून.

जरा टेकू, मग उतरवू. पाच मिनिटं. चौकट जड आहे, अंगात जोर यायला हवा. तिनं चपला काढल्या आणि नुसती टेकली. मग नुसती आडवी झाली.

"उतरवलीस का?" आईनं आतून विचारलं.

"उतरवते, आई."

ती पायथ्याकडे बघत होती. डोळे अंधाराला सरावले तसा तसबिरीतला पलंग दिसायला लागला. पलंग रिकामा होता. उशीवर डोक्याचा खळगा नव्हता, चादर ताणून बसवलेली, माणूस नेल्यावर करतात तशी. त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. नुसता रंग होता तिथं, जुना, भेगाळलेला.

उठायला हवं, वेनेराला कळत होतं. भीतीही वाटत होती. पण ती भीती कुठंतरी लांब होती, रस्त्यापलीकडच्या घरात कुणी घाबरलं असावं तशी. जवळ होती ती फक्त गादी. ती डाव्या बाजूला दबली. मग उजव्या बाजूची खुर्ची किंचित करकरली.

"वेनेरा?" आई म्हणाली. "अगं, बोल ना."

तिच्या डाव्या हातावर कुणीतरी हात ठेवला. चादर गळ्यापर्यंत वर आली आणि खोचली गेली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मान वळवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बाही दिसली. निळी, मनगटापाशी सुपानं ओली झालेली, बोटं कामानं खरखरीत. त्या बोटांत चमचा होता.

आत आईच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासले. थांबले. पुन्हा घासले.

"खाऊ नकोस!" आई ओरडली. "वेनेरा, मी आलेय, ऐकतेस ना? तोंड मिटून ठेव! आले मी!"

खुर्ची घासत होती, थांबत होती. दार अजून लांब होतं. वेनेराला आईला हाक मारायची होती. पण तेवढ्यात तिला फुंकर ऐकू आली. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा. चमचा निववत होतं कुणीतरी, तिच्यासाठी. तिला चटका बसू नये म्हणून. इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं, आणि ते इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चमचा ओठाला टेकला. वेनेरानं तोंड उघडलं.